अथेन्समध्ये घडणारी अर्बन फँटसी लिहितोय: ग्रीक देव आजच्या शहरात कसे आणावेत?

निशाचर

नमस्कार मंडळी. सध्या एक दीर्घकथा लिहितोय. काळ आजचा, शहर अथेन्स. नायिका एलेनी मोनास्तिराकी मेट्रो स्टेशनात रात्रपाळीला साफसफाईचं काम करते. मेट्रोसाठी खोदताना त्या जागी एरिदानोस नदी पुन्हा सापडली. रोमन काळात तिच्यावर विटांची कमान घालून ती झाकून टाकली होती. आता स्टेशनातूनच तिचं पाणी दिसतं. तिथे एलेनीला देवांचा निरोप्या हर्मीस भेटतो, मोटरसायकलवरून पार्सलं पोचवणारा पोरगा होऊन.

इथवर मनासारखं झालंय. पण पुढे झ्यूस वीज कंपनीचा मालक, पोसायडन जहाजवाला, अफ्रोदिती पार्लरवाली असं करत गेलो की वाचणारा ‘ओळखा पाहू’ खेळायला लागतो. मजा येते, पण धाक वाटत नाही, आणि मला तोच हवाय. देव जीन्स घालून आला तरी देवच वाटावा, यासाठी काय करावं?

इंजिनरूम

निशाचर, त्या देवांशी जुने लोक कसे वागायचे ते कथेत आणा. धाक तिथे आहे.

मी जहाजावर इंजिनियर. आमचं जहाज दुरुस्तीला एलेफ्सिनाला लागलं होतं. अथेन्सपासून वीसेक किलोमीटर. हेच जुनं एल्युसिस, धान्याची देवी डिमीटर आणि तिची मुलगी पर्सिफनी यांचं ठाणं. एका अंगाला तेलशुद्धीकरण कारखाना, खाडीत गंजून कलंडलेली जहाजं, आणि गावातच कुंपणाच्या आत ते सगळे अवशेष. दारापाशी कल्लिखोरोन विहीर, गोल दगडी काठाची. थोडं पुढे टेकडीच्या पोटात प्लूटोची, म्हणजे पाताळाचा देव हेडीजची, गुहा.

डिमीटरचं स्तोत्र मिळवून वाचाच. होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रांपैकी ते एक. मुलीला हेडीजने नेलंय. आई म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिसला विहिरीजवळ बसते. राजाच्या मुली पाणी न्यायला येतात, त्यांना सांगते, चाच्यांनी मला क्रीटहून पळवून आणलं, कुणाकडे मूल सांभाळायचं काम मिळेल का? काम मिळतं. आणि रोज रात्री ती त्या बाळाला विस्तवात ठेवते, ते अमर व्हावं म्हणून. एका रात्री बाळाची आई ते बघते आणि किंचाळते.

हे आजचं करायला किती थोडं लागतं बघा. समुद्रातून आलेली, कागदपत्रं नसलेली बाई एलेफ्सिनातल्या एका घरी बाळ सांभाळायला राहते. १९२२ नंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेले निर्वासित याच गावात वसले, त्यामुळे अशा बाईला दार उघडणारी एखादी आजी तिथे खरीच वाटेल. तिला एकही चमत्कार करायला लावू नका. ती बाळावर जीव लावते, आणि मध्यरात्री स्वयंपाकघरात उजेड दिसतो. मला एवढ्यानेच घाम फुटेल.

हर्मीसचंही तसंच. मेलेल्यांना खाली पोचवणं हे त्याचं काम. जुने अथेन्सकर वैऱ्याचं नाव शिशाच्या पत्र्यावर कोरायचे, घडी घालून त्यातून खिळा ठोकायचे आणि अकाली मेलेल्या माणसाच्या थडग्यात टाकायचे. पाताळातल्या देवांनी, त्यात हर्मीसनेही, त्या वैऱ्याला जखडून टाकावं म्हणून. अथेन्सच्या जुन्या दफनभूमीतल्या, केरामिकोसच्या, एका विहिरीत असे ३० पत्रे सापडलेत. एरिदानोस तुमच्या स्टेशनाखालून पुढे केरामिकोसलाच जाते. तेव्हा पोराच्या पिशवीत हे पत्रे असू द्या, पोचवायचे राहून गेलेले. त्यातल्या एकावर एलेनीचं नाव.

अबोली

पत्र्यांची कल्पना फारच आवडली! मात्र ही सगळी माहिती एलेनीच्या तोंडी घालू नका. पहाटे चार वाजता फरशी पुसणारी बाई इतिहास सांगत बसत नाही. तिला पिशवी जड लागते, एवढं पुरे.

दुसरं म्हणजे, प्राचीन काळातून थेट मेट्रोत उडी मारू नका. मधली शतकं ग्रीक लोक गप्प बसले नव्हते. मेलेल्यांना होडीतून पाताळात नेणारा खारोन पुढे लोकगीतांत खारोस झाला. होडी गेली, काळा घोडा आला, आणि तो स्वतःच मृत्यू होऊन बसला. दिगेनिस नावाचा वीर त्याच्याशी संगमरवरी खळ्यात झुंजतो आणि हरतो. एलेनीची आजी चर्चमध्ये मेणबत्ती लावणारी असणार, हर्मीसशी तिला देणंघेणं नाही. पण खारोस तिच्या बोलण्यात येईलच. मोटरसायकल काळी करा. आजी खिडकीतून बघेल आणि नातीला त्या रात्री कामावर जाऊ देणार नाही.

निशाचर

दोघांचे मनापासून आभार. काळी मोटरसायकल आणि पत्रे, दोन्ही घेतले. झ्यूसला मात्र काढवत नाही. त्याला वीज कंपनीतून उठवून कुठे बसवू?

इंजिनरूम

झ्यूसचं एक रूप झेनिओस: परक्यांचा, पाहुण्यांचा पाठीराखा. दारी आलेल्याला हाकललं तर तो कोपतो. आता हे बघा. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ग्रीक पोलिसांनी कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांची धरपकड सुरू केली आणि त्या मोहिमेला नाव दिलं ‘झेनिओस झ्यूस’. हे मी रचलेलं नाही, सरकारी नाव आहे. वाचलं तेव्हा संताप आला होता, अजून येतो.

तुमची एलेफ्सिनातली बाई त्या मोहिमेत पकडली गेली तर? स्तोत्रात मुलगी हेडीजला द्यायला संमती झ्यूसचीच होती, हेही विसरू नका. डिमीटर आणि झ्यूस पोलीस ठाण्यातल्या टेबलाच्या दोन बाजूंना बसलेत, हा प्रसंग लिहा.

अबोली

आणि स्तोत्रात डिमीटरने रागाने धान्य उगवू द्यायचं थांबवलं होतं. ठाण्यातून ती बाहेर पडल्यावर दुसऱ्या दिवशी बेकरीत पाव नसेल.

निशाचर

मग कथा २०१२ मध्येच घडवतो. मोनास्तिराकीला मेट्रोची तिसरी लाइन तेव्हा सुरू होती, त्यामुळे एलेनीची नोकरी शाबूत राहते. ठाण्याचा प्रसंग आधी लिहून इथेच टाकतो. इंजिनरूम, एलेफ्सिनाच्या गोदीतून गावात चालत यायला किती वेळ लागायचा, आणि वाटेत काय काय दिसायचं, तेवढं सांगा.