मदत हवी आहे: टक्केवारी काढताना पाया कुठल्या वर्षाचा धरायचा?

नमस्कार मंडळी, बारावीच्या अर्थशास्त्रासाठी कोविडकाळाचा तक्ता करतेय आणि एका ठिकाणी अडलेय.

२०१९-२० च्या पहिल्या तिमाहीत देशाचा जीडीपी (स्थिर किमतींना) ३५.६६ लाख कोटी रुपये, पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २६.९५ आणि २०२१-२२ ला ३२.३८. हे ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेले आकडे. म्हणजे आधी २४.४ टक्के घट, मग २०.१ टक्के वाढ. मुलं लगेच वजाबाकी करून 'चारच टक्के कमी पडले' म्हणणार, लिहून ठेवा! खरं तर २०१९-२० च्या मानाने आपण तेव्हा ९.२ टक्के खाली होतो.

मला इथे मागच्या वर्षाचा पाया फसवा वाटतो, पण बातम्यांत झळकला तो २०.१ चाच आकडा, तो गाळून कसं चालेल? दोन्ही रकाने द्यावेत, की २०१९-२० ला १०० धरून १००, ७५.६, ९०.८ असा निर्देशांकच दाखवावा? सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना काय पटकन कळतं?

आणखी एक. एप्रिल २०२० मध्ये देशांतर्गत प्रवासी विमानसेवा बंदच होती, म्हणजे पायाच शून्य. मग एप्रिल २०२१ च्या वाढीच्या रकान्यात काय लिहिता तुम्ही? नुसती आडवी रेघ चालते का?