इंग्रजी कसं वाढवलंत? व्याकरण, शब्द, वाचन... तुमचे अनुभव लिहा

कास_पठार
काल स्वारगेटहून साताऱ्याला येताना पुढच्या सीटवर दहावीतला एक मुलगा होता. खंबाटकी चढेपर्यंत एकच पान घोकत होता. 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर दॅन' घाला, 'टू' काढून 'सो दॅट' घाला, 'इफ नॉट'च्या जागी 'अनलेस' घाला. ऐकता ऐकता माझी अकरावी समोर आली.

आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेले. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, आम्ही त्याच्या बरेच आधीचे. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून आणि अकरावीला एकदम फिजिक्सचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. वाक्यरूपांतराचे सगळे प्रश्न मला यायचे, बोर्डात मार्कही छान होते. पण सलग एक परिच्छेद वाचून त्यात काय म्हटलंय ते सांगता येत नव्हतं. ही दोन वेगळी कामं आहेत हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

वसतिगृहातल्या एका दादाने मार्ग दाखवला. म्हणाला, दहावीचं मराठी विज्ञान टाकून देऊ नकोस. त्यातलं जे तुला पक्कं येतं तेवढंच आधी इंग्रजीत वाच. मग ओहमचा नियम घेतला, प्रकाशाचं परावर्तन घेतलं. आशय डोक्यात तयार असल्यामुळे वाक्याची बांधणी दिसायला लागली: क्रियापद कुठे बसलंय, 'व्हिच' कुणाला जोडलंय. 'इज डिफाइन्ड ॲज', 'इज डायरेक्टली प्रपोर्शनल टू' हे पानोपानी यायचं. शाळेत पॅसिव्ह व्हॉइस कशासाठी शिकवला होता ते मला तिथे कळलं. दिवाळीनंतर मराठी पुस्तक उघडावं लागलं नाही.

मराठी माध्यमातून आल्याच्या न्यूनगंडावर आपण सगळे याआधी खूप बोललोय. इथे नेमकं काय केलंत, काय वाचलंत, काय उपयोगी पडलं ते लिहा. माझी पुतणी यंदा अकरावीला गेलीय, तिला हा धागा वाचायला देणार आहे.

कढीपत्ता
तर्खडकरांची भाषांतर पाठमाला!! पहिला प्रतिसाद हाच असायला हवा. आमच्याकडे तिन्ही भाग होते, आजोबांच्या हाताचे. मराठी वाक्य वाचायचं, इंग्रजी करायचं, वही आजोबांकडे द्यायची. सुट्टीत दुपारी सक्तीने. कुकरची शिट्टी झालीय, नंतर येते.

लेगस्पिन
शारजा. एप्रिल 1998. बास, माझं इंग्रजी तिथून सुरू.

22 तारखेला सचिन 143. वाळूचं वादळ आलं, खेळ थांबला, टार्गेट बदलून 46 षटकांत 276 झालं आणि फायनलला जायला 237 पुरेसे होते. आम्ही हरलो पण फायनलला गेलो. 24 ला फायनलमध्ये 134, त्याच दिवशी त्याचा पंचविसावा वाढदिवस. मॅच टीव्हीवर पाहिली, मग सलूनमध्ये मराठी पेपरात वाचली, तरी पोट भरेना. शेजारच्या बँकेतल्या काकांकडे इंग्रजी पेपर यायचा, तो मागून आणला. प्रत्येक चेंडू डोळ्यांसमोर होता, त्यामुळे 'सँडस्टॉर्म', 'रिवाइज्ड टार्गेट', 'क्वालिफाय' यांचा अर्थ कुणाला विचारावाच लागला नाही.

मग रोजचं झालं. शेवटचं पान पुरतं कळायला लागल्यावर पहिलं पान, आणि अग्रलेख सगळ्यात शेवटी, बारावीनंतर. वहीत सुटा शब्द कधी लिहिला नाही, शेजाऱ्यांसकट लिहिला. 'सेट अ टार्गेट', 'चेस अ टार्गेट', 'मिस्ड बाय टू रन्स'. असा लिहिला की बोलताना आयता तोंडात येतो आणि त्याच्यासोबत कुठलं प्रिपोझिशन येतं हेही वेगळं पाठ करावं लागत नाही. पुतणीला आवडता विषय काय ते विचारा. क्रिकेट नसेल तर नसेल, तिच्या आवडीचं जे काही असेल त्याच्या बातम्या.

निळी_छत्री
लेगस्पिन, कॉमेंट्रीतला तो टोनी ग्रेगचा आवाज आठवला ना पण! अंगावर काटा. धागा इंग्रजीचा आहे माहितेय, तरी राहवलं नाही.

लेगस्पिन
@निळी_छत्री आमच्या गल्लीत त्या रात्री कुणी झोपलंच नाही. वेगळा धागा काढा, मी येतो.

मिरज_ते_लीड्स
नाइट ड्युटीहून आलेय, तुकड्या तुकड्यात लिहिते.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर मिरजेत काही वर्षं काम केलं, मग इथे इंग्लंडला यायचं ठरवलं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा लागते. नर्सेसना आयईएलटीएस या सर्वसाधारण परीक्षेऐवजी ओईटी ही दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची परीक्षा देता येते. ओईटीमध्ये सगळा मजकूर दवाखान्यातलाच असतो आणि आपल्यासाठी तो मोठा आधार आहे. वाचनाचा पहिला भाग 15 मिनिटांचा: एकाच विषयावरचे चार छोटे मजकूर, 20 प्रश्न. इथे सगळं वाचत बसलं की वेळ संपतो. आधी चारही मजकुरांच्या मथळ्यांवर नजर टाकायची, कुठे डोसचा तक्ता आहे, कुठे लक्षणं, ते मनात नोंदवायचं, मग प्रश्न बघून त्या जागी जायचं. आपल्याला शाळेत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लागलेली असते. ती मोडायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

लिहायचं म्हणजे पेशंटची केस नोट बघून पत्र, 180 ते 200 शब्द. 45 मिनिटं, त्यातली पहिली 5 फक्त वाचायला. या पत्रात 'हॅज बीन'शिवाय पान हलत नाही. मराठीत आपण 'बाई 2015 पासून इन्सुलिनवर आहेत' असं सरळ वर्तमानकाळात म्हणतो, इंग्रजीत तिथे 'हॅज बीन ऑन इन्सुलिन सिन्स 2015'. मी बारा काळांचा तक्ता बाजूला ठेवला. फक्त तीन काळ घेतले, जे या पत्रात लागतात: आजवर चालू असलेलं, ॲडमिट असताना घडून गेलेलं, आणि आत्ताची स्थिती. रोज वॉर्डातल्या एका पेशंटवर, नाव गाळून, मनातल्या मनात तीन वाक्यं. व्याकरण असं कामाला जुंपलं की राहतं.

कास_पठार
@मिरज_ते_लीड्स ताई, झोप झाल्यावर पुढचं लिहा. तीन काळांचं फार पटलं.

दुधी_भोपळा
सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर
आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर
पूर्ण वर्ग एका सुरात. खिडकीची तावदानं हलायची :)

कढीपत्ता
@दुधी_भोपळा आणि चार रेघी वही! आणि त्यावर करसिव्ह काढताना निबाला अडकणारा कागद!

दुधी_भोपळा
वही आणि टाक दोन्ही. आमच्या मॅडम 'जी'ची शेपटी चौथ्या रेघेला टेकली नाही तर पान पुन्हा लिहायला लावायच्या. अजूनही माझ्या सहीची शेपटी बरोब्बर टेकते.

तेरेखोल
आमचं गोव्यातलं वेगळं. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीत. गणित, भूगोल, इतिहास सगळं. माझ्या वेळेला पेडण्यात असेच होते, वर्गात कोकणी-मराठी बोलायचो आणि पुस्तक इंग्रजी.

आमच्या भूगोलाच्या बाईंनी एक केलं. धडा वाचायच्या आधी नकाशा काढून घ्यायच्या, नद्या-डोंगर मराठीत लिहून घ्यायच्या. मांडवी कुठून येते, झुवारी कुठे मिळते यावर भरपूर बोलून झालं की मग पुस्तक. तोपर्यंत धड्यात काय असणार ते आम्हाला ठाऊक असायचं. कास_पठार यांनी लिहिलंय तेच, फक्त दहा वर्षांच्या मुलांसाठी. त्या बाईंचे उपकार आहेत.

खडूफळा
जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मधली सुट्टी आहे, जमेल तेवढं.

आधी सोपं, ओळखीचं वाचायचं हे वर कास_पठार आणि तेरेखोल यांनी लिहिलंय, त्याला जुनं पाठबळ आहे. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षक 1920च्या दशकात ढाक्यात होते. बंगालमधल्या मुलांना बोलण्यापेक्षा आधी वाचता येण्याची गरज आहे असं त्यांचं म्हणणं. पुस्तकांत कठीण, क्वचित लागणारे शब्द खच्चून भरलेले, त्यामुळे मुलं अडतात, हे त्यांनी पाहिलं. मग नेहमीचेच शब्द वापरून, नवा शब्द थोड्या थोड्या अंतराने आणत वाचनपुस्तकं केली. 1953 साली त्यांची सुमारे 2000 शब्दांची यादी आली, पुढे जगभर वापरली गेली. आपल्याच उपखंडातल्या वर्गातून निघालेली ही गोष्ट बीएडला मला एका ओळीत शिकवली होती, खरं तर अख्खा तास द्यायला हवा होता.

अलीकडे शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन वगैरेंनी मोजलंय: मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नासात एखादाच नवा. आता आपल्या अकरावीच्या मुलाच्या हातात काय असतं ते बघा. ओळीला दोन अडतात. मूल हुशार असो नसो, तिथे वाचन होतच नाही, उकल होते. म्हणून माझं पालकांना एकच सांगणं असतं, खालच्या इयत्तेचं पुस्तक द्या आणि भरपूर द्या, त्यात कमीपणा नाही. सातवीतल्या मुलीने चौथीचं पुस्तक गोष्ट म्हणून हसत वाचलं तर ती पुढे गेली.

घंटा झाली.

सदाफुली
@खडूफळा हे वाचून डोळे भरले. माझ्या मुलाला शिकवणीत सगळ्यात जाड पुस्तक दिलंय.

खडूफळा
@सदाफुली ताई, काळजी नका करू. जाड पुस्तक राहू दे कपाटात. घरी दुसरं काहीतरी सोपं वाचू द्या रोज.

प्रूफवाला
छापखान्यात आणि मग प्रकाशनात आयुष्य गेलं. इंग्रजी मुद्रितं हातात आली तेव्हा 'अ' आणि 'द' याच जागी माझी लाल पेन्सिल थबकायची, मराठीत ती सोयच नाही असं वाटायचं. नंतर लक्षात आलं, गोष्ट सांगताना आपणही तेच करतो. 'एक राजा होता. त्या राजाला...' पहिल्यांदा 'एक', ओळख झाल्यावर 'त्या'. तिथे 'अ', इथे 'द'. सगळ्या जागा यात बसत नाहीत, नद्या, पर्वतरांगा, पेपरांची नावं यांचे रिवाज वेगळे. पण निम्म्याहून अधिक काम यावर भागतं. सरावासाठी पेपरातली एक छोटी बातमी घ्या, सगळे 'अ' आणि 'द' पांढऱ्या शाईने झाका, दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने भरा. उत्तरपत्रिका म्हणून त्याच पेपरची दुसरी प्रत.

कोशाबद्दलही. इंग्रजी-मराठी घरात असावाच, आमच्याकडे वीरकर होता. पण जमेल तितक्या लवकर विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश धरा. लाँगमनने 1978 साली काढला त्यात सगळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच लिहिलेत. अर्थ वाचणं हाच वाचनाचा सराव होतो.

कढीपत्ता
आले. प्रूफवाला काका, 'एक' आणि 'त्या' आज रात्रीच लेकीला सांगणार.

माझं राहिलेलं: तर्खडकरांमुळे वाक्य करता आलं, खरंच आलं. आज नोकरीत ईमेल लिहिते त्याचा पाया तोच. वाचन मात्र वेगळ्याने आलं. लेक इंग्रजी माध्यमात. पहिलीत असताना तिला गोष्टी वाचून दाखवायच्या म्हणून प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ उघडलं, फुकट आहे, फोनवर चालतं. पातळ्या आहेत, एकपासून चारपर्यंत. पहिल्या पातळीत पानाला एखादं वाक्य आणि मोठं चित्र. पुष्कळ गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आधी मराठी वाचायचो दोघी, मग तीच इंग्रजीत. ती झोपली की मी पुढच्या पातळीची माझ्यासाठी वाचायचे. ती चौथीत जाईपर्यंत मी मोठ्यांची पुस्तकं वाचायला लागले होते. वाचनालयातल्या बाई आता नवीन आलं की मला फोन करतात!

निळी_छत्री
@कढीपत्ता किती छान गं. माझ्या सासूबाईंना दाखवते, त्यांना दुकानांच्या पाट्या आणि औषधांची नावं वाचता येतात, पुढे जायचंय असं म्हणत असतात. वय 67. कुठून सुरू करू?

मिरज_ते_लीड्स
उठले. पुतणीसाठी एक राहिलं: आयईएलटीएसच्या वाचनात 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' असतं, त्याचा सराव आत्तापासून करता येतो. मजकूर उलट सांगत असेल तर फॉल्स. त्याबद्दल काही बोलतच नसेल तर नॉट गिव्हन, मग आपल्याला बाहेरून काहीही माहीत असो. रोजच्या बातमीवर तिने स्वतः असे तीन प्रश्न काढावेत आणि मैत्रिणीला द्यावेत. प्रश्न काढणारीचं वाचन जास्त पक्कं होतं.

@निळी_छत्री काकूंना पाट्या येतात म्हणजे अक्षरं झालीत, निम्मं काम झालं.

कढीपत्ता
@निळी_छत्री पहिल्या पातळीपासूनच, आणि मराठी आधी. चित्रं मुलांची आहेत म्हणून नको म्हणाल्या तर नातवंडाला वाचून दाखवा म्हणावं. अक्षर लहान दिसत असेल तर फोन आडवा धरायचा.

निळी_छत्री
नातू आहे तीन वर्षांचा. आज संध्याकाळीच बसवते दोघांना.

कास_पठार
पुतणीने वाचला धागा. तिला बॅडमिंटन आवडतं, तर उद्यापासून सिंधूच्या मॅचच्या बातम्या, आधी मराठी मग इंग्रजी. @प्रूफवाला काका, ती विचारतेय पांढऱ्या शाईऐवजी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या तर चालतील का?

प्रूफवाला
चालतील की. उलट बरं, दुसरी प्रत लागणार नाही. पट्टी अलगद निघेल अशी चिकटवायला सांगा.