'स्नोई रिव्हर'चा दुसरा भाग लोक म्हणतात तितका पडेल आहे का?

डोंगरवाट

'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' (१९८२) आवडलेल्या कुणालाही १९८८ च्या दुसऱ्या भागाबद्दल विचारा. "कर्क डग्लस नाही, मग काय पाहायचं?" एवढ्यावर विषय संपतो. मला हे मुळीच पटत नाही. घोडेस्वारीचा चित्रपट म्हणून पहिला भाग मोठा आहे, हे मान्य. पण प्रेमकथा म्हणून दुसरा भाग जास्त धीट आहे, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रेलियाच्या डोंगरातली. बाप गेलेला जिम क्रेग (टॉम बर्लिन्सन) श्रीमंत हॅरिसनच्या जनावरांच्या मळ्यावर नोकरीला लागतो आणि त्याच्या मुलीच्या, जेसिकाच्या (सिग्रिड थॉर्न्टन) प्रेमात पडतो. हॅरिसनचं लाखमोलाचं शिंगरू रानघोड्यांच्या कळपात पळून जातं. नावाजलेले स्वार कड्यापाशी थबकतात, एकटा जिम घोडा खाली घालतो आणि अख्खा कळप वळवून आणतो. शेवटी जाताना एवढंच सांगतो, की या घोड्यांसाठी आणि इथे आपलं जे काही आहे त्यासाठी मी परत येईन.

दुसरा भाग तिथून सुरू होतो. जिम परततो, पण काही वर्षांनी. मधल्या काळात हॅरिसन आणखी बडा झालाय, त्याला कर्ज हवंय, आणि बँकवाल्याचा मुलगा अ‍ॅलिस्टर पॅटन जेसिकाच्या मागे आहे. पहिल्या भागात जेसिकाचं भवितव्य पुरुष आपसात ठरवतात. तिच्या आईवरून हॅरिसन आणि त्याचा भाऊ स्पर वैरी झालेले, त्या वैराची सावली तिच्यावर. जिमलाही आधी स्वतःला सिद्ध करायला लागतं, ते पुन्हा पुरुषांसमोरच. दुसऱ्या भागात ती स्वतः निर्णय घेते. वाडा, बाप, बँकवाल्याचं स्थळ सगळं मागे टाकून डोंगरात जिमच्या झोपडीकडे निघते.

आणि तो घोडा! पहिल्या भागात रानघोड्यांचा म्होरक्या म्हणजे हरवायचा शत्रू. दुसऱ्या भागात जिमचा स्वतःचा घोडा मारला जातो, तेव्हा तोच म्होरक्या त्याच्या मांडीखाली येतो. काम झाल्यावर जिम त्याला मोकळा सोडतो. आपल्या हाताखाली आलेल्या जिवावर हक्क न सांगणारा माणूस जेसिकाच्या योग्यतेचा आहे, हे त्या प्रसंगातून जितकं पटतं तितकं कुठल्याही संवादातून पटलं नसतं.

जुना बायोस्कोप

डोंगरवाट, घोड्याबद्दलचं निरीक्षण आवडलं. बाकी असहमत.

कर्क डग्लसचा मुद्दा एका नटापुरता नाही. त्याने हॅरिसन आणि स्पर असे दोन भाऊ केले होते. एक पैसेवाला, कडक, कोरडा. दुसरा लंगडा, बडबड्या, आयुष्यभर सोनं खणणारा. एकाच चेहऱ्याची ही दोन माणसं समोर आली की श्रीमंत हॅरिसनने काय गमावलंय ते न सांगता कळायचं. दुसऱ्या भागात ब्रायन डेनेही आहे. नट म्हणून तो चांगलाच, पण त्याला दिलेला हॅरिसन हा नुसता तापट बाप आहे. स्पर नाही, जॅक थॉम्पसनने केलेला नावाजलेला स्वार क्लॅन्सीही नाही. घराचे खांब काढून घेतले आणि छप्पर तेवढं ठेवलं.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जेसिका निवड करते म्हणता, पण कुणाकुणातून? पॅटन पहिल्यापासून उर्मट आणि खुनशी आहे. पुढे तो जिमचे घोडे चोरवतो, त्याच्या घोड्यावर गोळी झाडतो. अशा माणसाला नाकारायला धीटपणा कशाला लागतो? पॅटन सज्जन, सुशिक्षित, तिची खरोखर कदर करणारा असता आणि तरीही ती डोंगराकडे निघाली असती, तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

दिग्दर्शनाचाही फरक आहे. पहिला जॉर्ज मिलरचा (हा 'मॅड मॅक्स'वाला नव्हे, त्याच नावाचा दुसरा). दुसरा जेफ बरोजने केला, जो पहिल्याचा निर्माता होता. त्याला काय विकलं गेलं ते नेमकं माहीत होतं, म्हणून तो तेच पुन्हा मांडतो: दौड, कडा, दौड.

डोंगरवाट

पॅटनचं पात्र सपाट आहे, यावर वाद नाही. पण तिची खरी लढाई पॅटनशी नाहीच, बापाशी आहे. वाईट माणसाला नाकारणं सोपं असतं हे आजच्या मुलीबद्दलही सरसकट म्हणता येणार नाही. आपल्याकडे किती घरांत "स्थळ वाईट आहे" हे सगळ्यांना दिसत असतं आणि तरी लग्न लागतं! बापाचं कर्ज त्या स्थळावर अवलंबून असेल तर नकाराची किंमत घर सोडण्याइतकी होते. जेसिका ती किंमत मोजते. मला त्यातला धीटपणा दिसतो.

टापांचा आवाज

आमच्या घरात घोडी आहेत, सारंगखेड्याच्या यात्रेला जाणं होतं. त्यामुळे मी प्रेमकथेवर बोलत नाही, घोड्यांवर बोलतो.

पहिल्या भागातला तो उतार पुन्हा पाहा. स्वार मागे रेललाय, जवळजवळ घोड्याच्या पुठ्ठ्यावर टेकलाय. अशा उतारावर तेच बरोबर असतं. घोडा मागच्या पायांवर बसल्यासारखा घसरत उतरतो आणि पुढचे पाय नुसते दिशा धरतात. तोंड ओढलंत तर त्याचा तोल गेलाच म्हणून समजा. हे सगळं, ज्या कवितेवरून चित्रपट निघाला, त्या मूळ कवितेतच आहे. ऑस्ट्रेलियन कवी बॅन्जो पॅटरसनने १८९० साली 'द बुलेटिन' या साप्ताहिकात ती छापली, तेव्हा त्याच्या स्वाराने त्या जागी लगाम सैल सोडून घोड्याला त्याच्या मर्जीने जाऊ दिलंय. लिहिणाऱ्याला घोडा कळत होता! बर्लिन्सनला चित्रपटाआधी घोडेस्वारीचा अनुभव जवळजवळ नव्हता, हे कळल्यावर त्याची बैठक पाहून मी थक्क झालो होतो.

दुसऱ्या भागातली स्वारीही चोख आहे, कुठे हात राखलेला नाही. पण रानात वाढलेला, कळप राखणारा, पूर्ण वयाचा नर घोडा इतक्या थोडक्या दिवसांत लढाईत नेण्याइतका तयार होत नाही. चाबुकस्वाराला विचारा. आधी माणसाचा वास सहन होणं, मग हात, मग दोर, मग ओझं. एकेका पायरीला वेळ जातो, आणि असा नर तर प्रत्येक पायरीवर उलटतो. पहिल्या भागात जिम आणि जेसिका शिंगराला कुंपणात हळूहळू माणसाळवतात, तो प्रसंग कितीतरी खरा आहे. माझ्या मते दोन्ही भागांतला खरा प्रेमप्रसंगही तोच. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, घोड्याशी बोलतात.

सूरवेडी

त्याच प्रसंगात ब्रूस रोलंडची 'जेसिकाज थीम' वाजते! पियानो पुढे काय करतो ते ऐका: शिंगरू बिचकलं की सूर थांबतो, ते जवळ आलं की पुढे सरकतो. दोन्ही भागांना रोलंडचंच संगीत आहे, आणि दुसरा भाग जो काही उभा राहतो तो निम्मा या सुरांवर. २००० च्या सिडनी ऑलिंपिकचं उद्घाटन एकट्या घोडेस्वाराने आणि त्याच्यामागून आलेल्या १२० स्वारांनी झालं, तेव्हाही मूळ चित्रपटाची धून रोलंडनेच नव्याने बांधून दिली होती.

मेलबर्नवासी

इथल्या मराठी मंडळींसाठी माउंट स्टर्लिंग ही ठरलेली सहल आहे, कारण तिथे क्रेगची झोपडी आहे. ती कुणा जुन्या गुराख्याची नाही, पहिल्या चित्रपटासाठी बांधलेली. डिसेंबर २००६ च्या वणव्यात जळली आणि लोकांनी ती पुन्हा उभारायला लावली. चित्रपटासाठी रचलेली वास्तू आज इथला वारसा म्हणून जपली जाते, यावरून या गोष्टीचं इथलं स्थान ओळखा. दहा डॉलरच्या नोटेवर पॅटरसन आहे, आणि बारीक अक्षरांत त्याची ही कविताही.

ती झोपडी, समोर एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा, हे पाहिल्यावर दुसऱ्या भागाबद्दलचं माझं मत बदललं. जेसिका काय सोडून कुठे चाललीय ते उंचीवर उभं राहिल्यावर जाणवतं. तिथे शेजार नाही, बर्फ आहे, पाणी आणायला उतार आहे. डोंगरवाट यांच्याशी सहमत.

गवताळ

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे, आणि तो नेमका तुम्हा सगळ्यांच्या लाडक्या प्रसंगाला आहे. घोडा मोकळा सोडण्याच्या.

घोडा हा ऑस्ट्रेलियाचा प्राणी नाही. १७८८ साली ब्रिटिशांच्या पहिल्या ताफ्याबरोबर तो आला. पळालेल्या, सोडून दिलेल्या घोड्यांचे कळप वाढले, त्यांना तिथे ब्रम्बी म्हणतात. डोंगरमाथ्यावरच्या शेवाळी दलदलीत, जिथे नद्यांचे उगम जपले जातात, त्यांच्या खुरांनी मोठी नासधूस होते. कोरोबरी बेडकासारखी दुर्मिळ जात त्याच दलदलीत अंडी घालते. तरीही न्यू साउथ वेल्सने २०१८ मध्ये या घोड्यांना 'वारसा' ठरवणारा कायदा केला. तो झाला, कारण लोकांच्या मनात ब्रम्बी म्हणजे जिमचा घोडा. पुढे संख्या इतकी वाढली की २०२३ मध्ये कोसियुस्को राष्ट्रीय उद्यानात हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी द्यावी लागली. जून २०२७ पर्यंत ती ३,००० पर्यंत खाली आणण्याचं उद्दिष्ट आहे. आधी लाडावलं, मग मारलं. मला दोन्हीचं दुःख होतं.

दुसरी गोष्ट. हा भाग आला ते १९८८ हे गोऱ्यांच्या आगमनाच्या द्विशताब्दीचं वर्ष. अशा वर्षीही या डोंगरांच्या मूळ रहिवाशांना गोष्टीत मोलाची जागा नाही. डोंगर जणू रिकामेच होते आणि जिम-हॅरिसन यांच्यातच वाटून घ्यायचे होते! पहिल्या भागालाही हे लागू आहे. पण पुन्हा संधी मिळालेल्याने पुन्हा तेच करावं, हे मला जास्त खुपतं.

जुना बायोस्कोप

गवताळ, २०१८ च्या कायद्याचा भार एका चित्रपटावर टाकणं मला जड वाटतं. कविता शंभरहून जास्त वर्षं शाळेत पाठ होते आहे, आणि कवितेत प्रेमकथा नाही, जेसिका नाही, जिम हे नावसुद्धा नाही. ब्रम्बीचं वेड कवितेपासूनचं आहे. मूळ रहिवाशांबद्दल मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे.

टापांचा आवाज

यात आपल्याशी जोडलेला एक धागा आहे. चित्रपटातल्या त्या काळात ऑस्ट्रेलियातून घोडे जहाजांत भरून हिंदुस्थानात लष्करासाठी येत. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे उतरत. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना 'वेलर' म्हणत. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने लाखाच्या वर घोडे परदेशी पाठवले आणि परत आणला तो एकच, सँडी. जिमसारख्यांनी डोंगरात वाढवलेल्या घोड्यांचं पुढे काय होत असे, हे ठाऊक असलं की तो सोडून दिलेला घोडा वेगळा दिसतो. तयार झालेला धडधाकट घोडा म्हणजे तेव्हा रोख रक्कम. ती हातात असताना जिमने लगाम काढला. तो प्रसंग मी कापू देणार नाही, गवताळ.

गवताळ

कापा म्हणत नाही. तो पाहून झाल्यावर दलदलीचं एक छायाचित्रही पाहा, एवढंच म्हणते. आणि नदीचंही. ज्या स्नोईचं नाव घेऊन हे दोन्ही चित्रपट चालले, तिचं पाणी जलविद्युत योजनेने वळवलं आणि जिंडाबाइनच्या धरणाखाली मूळ प्रवाहाचा जेमतेम एक टक्का उरला होता. मागच्या काही वर्षांत थोडं सोडायला लागले आहेत.

डोंगरवाट

हे नदीचं वाचून वाईट वाटलं. त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

माझं मत तिथेच आहे. जुना बायोस्कोप, तुम्ही म्हणता तसा सज्जन पॅटन असता तर चित्रपट मोठा झाला असता, हे खरं. पण असलेल्या चित्रपटातही जेसिका एकदा निघाल्यावर मागे वळून बापाची परवानगी मागत नाही. पहिल्या भागात तिला कड्यावरून वाचवायला जिम लागतो. दुसऱ्यात तोच डोंगर ती स्वतःच्या पायाने चढते. दोन्ही लागोपाठ पाहा आणि फक्त तिच्यावर नजर ठेवा. मग सांगा.

जुना बायोस्कोप

या रविवारी पाहतो. स्पर नसल्याचं दुःख बाजूला ठेवून, शब्द देतो.