सहलीच्या पैशांचं पाकीट पोरांच्या हाती दिलंय का कधी?

काल माळा आवरताना लेकाचं जुनं पाकीट सापडलं. आत एक लाल शिट्टी आणि वाकड्या अक्षरातला हिशोब: 'उरले शून्य. कारण शिट्टी.' तेव्हा तो ८ वर्षांचा. पाच दिवसांचे पैसे पहिल्याच सकाळी उडवले. मग प्रत्येक दुकानापुढे तो माझ्याकडे बघणार आणि मी आभाळाकडे. तिसऱ्या दिवशी नवरा विरघळला, गुपचूप पैसे दिले! आमचं भांडण शिट्टीपेक्षा मोठ्याने झालं. तुमच्याकडे काय झालं?

---

आमच्याकडे आजोबा फितूर 😂

---

आम्ही एकदम देतच नाही. रोज सकाळी त्या दिवसाचे, उरले तर पुढे जमा. धाकटीने चार दिवस कशाला हात लावला नाही आणि शेवटच्या दिवशी पतंग घेतला. डिकीत मावेना. अख्खा रस्ता माझ्या मांडीवर.

---

शिट्टी वाजते का अजून?

---

परदेशात गेलो तेव्हा पैसे बदलायला लेकीला पुढे केलं. तिने मोबाईलवर बघितलेला दर आणि हातात पडलेली रक्कम जुळेना. "मधले कुठे गेले?" विकायचा दर वेगळा, घ्यायचा वेगळा, वर कमिशन... समजावताना मलाच नीट कळलं. पुढे एका दुकानात कार्डाच्या मशीनने विचारलं, तुमच्या चलनात की इथल्या? तिने पटकन 'इथल्या' दाबलं. आपल्या चलनात घेतलं की दर ते मशीनवाले लावतात, बहुतेकदा महागच पडतं.

---

कार्डावरून आठवलं. माझा ६ वर्षांचा म्हणतो, पैसे संपले तर टक् करायचं! म्हणून सहलीत रोखच. एकदा सुट्टे जास्त आले तर हा मोजून परत द्यायला पळाला. मी (खोटं कशाला बोलू) पुढे चालायला लागले होते.

---

विषयांतर, पण गाडी लागते त्यावर काय करता? परवा निघतोय.

---

मोबाईल काढून घ्या, खिडकीतून लांबचं बघायला सांगा. गोळी डॉक्टरांना विचारूनच.

---

मला नाही पटत हे. सुट्टीत तरी हिशोब नको. बाबा प्रत्येक खरेदीला वही काढायचे. कुठे कुठे गेलो ते आठवत नाही, वही आठवते. निळ्या पुठ्ठ्याची.

---

अगं, वहीचं वाचून गप्पच झाले.
आणि हो, वाजते! आत्ताच वाजवली. आतल्या खोलीतून लेक (आता २२) ओरडला, "बघ, पैसे वसूल!"