मदत हवी आहे: काको-२ पेशी रात्रभरात सुटतात

पेशीपाल: ट्रान्सवेलवर (बशीच्या खळग्यात बसणारी सच्छिद्र तळाची वाटी) काको-२ या मानवी आतड्याच्या पेशींचा थर उत्तम धरतो, टीईईआर (थराचा विद्युतरोध, थर किती घट्ट ते सांगतो) स्थिर. वरून लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हे प्रोबायोटिक जंतू सोडले की सकाळी टीईईआर कोसळलेला, पेशी पापुद्र्यासारख्या सुटलेल्या. दरवेळी हेच. पुढच्या आठवड्यात गाईडना आकडे द्यायचेत. काय बदलू, लवकर सांगा.

रानजाई: पेशीमागे जंतू किती? मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) कुठलं? पेन-स्ट्रेप ही अँटिबायोटिकं काढलीत का? थर किती दिवसांचा?

पेशीपाल: थर २१ दिवसांचाच असणार ना. अँटिबायोटिकशिवाय डीएमईएम. जंतू पेशीमागे १००.

रानजाई: सकाळी मीडियमचा रंग?

पेशीपाल: पिवळाधमक.

रानजाई: पिवळं म्हणजे मीडियम आम्लधर्मी झालंय, मग आम्लाने घात केलाय. डीएमईएममधल्या ग्लुकोजचं जीजी रात्रभर लॅक्टिक आम्ल करत बसतात. पेशीमागे १० जंतू घ्या, २ ते ४ तासांत थांबवा. शिवाय एका वेलमध्ये (बशीतल्या खळग्यात) जंतू नकोत, लॅक्टिक आम्लाने त्याच पीएचला आणलेलं नुसतं मीडियम ठेवा. हा कंट्रोल (तुलनेचा वेल) नसेल तर परिणाम जंतूचा की आम्लाचा, कधीच कळणार नाही.

वैशाख: मुळात काको-२ कशाला? आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी त्या, म्यूकसचा (आतड्यावरचा चिकट थर) पत्ता नाही. ऑर्गनॉइड (स्टेम पेशींपासून वाढवलेलं इवलंसं आतडं) करा. क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये उंदराच्या एका स्टेम पेशीपासून वाढवून दाखवले.

रानजाई: ऑर्गनॉइडची पोकळी आत असते, जंतू सुईने टोचावे लागतात. आठवड्यात आकडे हवेत त्यांना हे सांगताय?

वैशाख: सपाट थरही करता येतो. तेही नको तर निदान एचटी२९-एमटीएक्स पेशी मिसळा, म्यूकस तरी मिळेल.

सह्यकडा: रोज ताक प्यायल्याने आईची ॲसिडिटी कमी होईल का?

रानजाई: डॉक्टरांना विचारा. इथे बशीतल्या पेशींचं चाललंय.

चिपकर: २०१२ मध्ये हार्वर्डच्या वीस (Wyss) इन्स्टिट्यूटमध्ये इंगबर यांच्या गटाने चिपवर (बारीक वाहिन्या कोरलेल्या तुकड्यावर) हेच काको-२ आणि हेच जीजी आठवडाभराहून जास्त एकत्र जगवले. तिथे मीडियम वाहतं राहतं, आम्ल आणि जास्तीचे जंतू धुऊन जातात. साचलेल्या वेलमध्ये रात्रभर ठेवायचं म्हटलं तर हे होणारच.

पेशीपाल: चिप नाही आमच्याकडे. ४ तासांवर थांबवतो, आम्लाचा कंट्रोलही लावतो. यानंतर फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा आतड्यातला जंतू याच ट्रान्सवेलवर टाकायचाय, तोही ४ तासच?

रानजाई: अहो, हे आधी सांगायचं! तो पक्का अनॅरोब (ऑक्सिजन न सोसणारा), तुमच्या इन्क्युबेटरच्या हवेत टिकणार नाही, आणि पेशींना तर ऑक्सिजन लागतो. सध्या त्याचं ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेलं सुपरनॅटंटच (जंतू काढून उरलेलं द्रावण) वापरा, पीएच जुळवून. अनॅरोबिक चेंबर आहे का लॅबमध्ये?