हॅशरेट वाढला म्हणजे नेटवर्क सुरक्षित झाले का?

दापोलीहून : बिटकॉइन या आभासी नाण्याच्या मायनिंगला, म्हणजे संगणकी गणिते सोडवून व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे (ब्लॉक) साखळीत जोडण्याला, लागणारी वीज ही निव्वळ उधळपट्टी आहे, हे मत मला मान्य नाही. झालेला व्यवहार पुसून तेच नाणे पुन्हा खर्चू पाहणाऱ्याला तो व्यवहार असलेला आणि त्यानंतरचे सगळे ब्लॉक नव्याने, तेही हे काम करणाऱ्या उरलेल्या सर्व मायनरांपेक्षा वेगाने, रचावे लागतात. म्हणून प्रामाणिकपणे चालणारी यंत्रे जितकी अधिक, तितका हल्ला महाग. गणनशक्ती, म्हणजेच हॅशरेट, तुटपुंजी असलेल्या इथेरियम क्लासिक या छोट्या नाण्यावर जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये असे हल्ले झाले.

चिपळूणहून : आपल्याच उदाहरणातून मला वेगळा निष्कर्ष दिसतो. २०२० मध्ये हल्लेखोराने यंत्रे विकत घेतली नव्हती, शक्ती भाड्याने घेतली होती. त्याच गणनपद्धतीच्या, पण कितीतरी मोठ्या इथेरियम या नाण्यासाठी चालणारी यंत्रे उपलब्ध होती, म्हणून ते जमले. तेव्हा नाण्याची स्वतःची शक्ती किती, यापेक्षा तशीच शक्ती त्याच्याबाहेर किती आहे, हे पाहायला हवे. शिवाय ती कोणाच्या हाती आहे? आमच्या तालुक्यात पोफळीचे वीजगृह आहे. तिथे वीज कितीही तयार होवो, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात खांब कोसळल्यावर दापोली अंधारातच राहिली, हे आपणास सांगायला नको. शक्तीचेही तसेच: ती एकूण किती, यापेक्षा ती एकाच ठिकाणी अडकली आहे का, हे महत्त्वाचे. जून २०१४ मध्ये जीहॅश या एकाच पूलकडे, म्हणजे शक्ती एकत्र करून बक्षीस वाटून घेणाऱ्या मायनरांच्या गटाकडे, बिटकॉइनची निम्मी शक्ती एकवटली, तेव्हा एकूण हॅशरेट घटलेला नव्हता.

मालवणहून : पूल म्हणजे यंत्रांचा मालक नव्हे. जीहॅशचा वाटा वाढताच अनेक मायनर स्वतःहून बाहेर पडले. २०२१ मध्ये चीनने मायनिंग बंद पाडल्यावर सुमारे निम्मी शक्ती गेली, ब्लॉक रेंगाळले, पण ब्लॉक रचणे किती अवघड हे ठरवणारी, दर २०१६ ब्लॉकांनी बदलणारी काठिण्यपातळी जुलैच्या आरंभी सुमारे २८ टक्क्यांनी उतरली आणि साखळी चालत राहिली.

दापोलीहून : भाड्याच्या शक्तीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तेवढी दुरुस्ती मी स्वीकारतो. मात्र बिटकॉइनच्या पद्धतीची बहुतेक यंत्रे बिटकॉइनवरच चालतात, त्यामुळे तिथे माझे म्हणणे कायम आहे.

चिपळूणहून : आज कायम आहे. एप्रिल २०२४ मध्ये मायनरला मिळणारे प्रत्येक ब्लॉकचे बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ नाण्यांवर आले आणि पुढेही ते निम्मे होत जाणार आहे. भाव तितका चढला नाही, तर यंत्रे चालू ठेवण्याचा खर्च केवळ व्यवहार शुल्कातून भागेल, असे आपण गृहीत धरता. मी धरत नाही.