कार्बन फायबरची गिटार खरंच जन्मभर पुरते का?

खर्ज
माझं मत सरळ आहे. ज्याला गिटार घेऊन फिरायचंय, त्याने लाकडाच्या मागे लागू नये; कार्बन फायबरची घ्यावी, ती जन्मभर पुरते. लाकूड हवेतली ओल ओढतं आणि सोडतं, म्हणून तर आर्द्रता ४५ ते ५५ टक्के सांभाळा असं सांगतात. हवा दमट झाली की टॉप, म्हणजे वरची फळी, फुगतो, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, चढते, बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायची) धरताना बोटं भरून येतात. कोरडी पडली की फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं ठेवायची पट्टी, आकसतो, फ्रेटची, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन तळहाताला खरचटतात आणि फारच झालं तर टॉपला उभी चीर जाते. कार्बनच्या तंतूंचं कापड आणि त्याला घट्ट धरणारी इपॉक्सी राळ यांना ओलीशी फारसं देणंघेणं नाही. ओल सांभाळणारा ह्युमिडिफायर नको की काळजी नको. लाकूडच जास्त टिकतं म्हणणाऱ्यांनी कारणं द्यावीत.

रंधा
देतो. गिटार दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. हवामानाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे, पण वाद्य फक्त हवेने बिघडत नाही. ते पडतं, आपटतं, झिजतं. लाकडी गिटारची मान पुढे झुकली तर जोड वाफेने सैल करतो, मान काढतो, मानेच्या टाचेचं लाकूड तासून कोन बदलतो आणि परत बसवतो. ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती टॉपवरची पट्टी) उचलला तर गरम पात्याने सोडवून पुन्हा चिकटवतो. चीर पडली तर आतून लाकडाच्या बारीक चकत्या लावतो. १९३० च्या दशकातल्या मार्टिन कंपनीच्या गिटारी आजही वाजतात त्या अशा डागडुजीच्या जोरावर.

कार्बनला जोरात मार बसला तर थर आतल्या आत सुटतात आणि वरून चकाकी जशीच्या तशी राहते. बोटाने टकटक करत गेलं की एका जागी आवाज बद्द येतो, तेव्हा कळतं. ते भरून काढायला हात घालणारे कारागीर मोजके आहेत. घासताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट, ते वेगळंच.

खर्ज
पण मान झुकतच नसेल तर ती काढायची वेळ कशाला येईल? तारांचा ताण एकूण सत्तरेक किलो असतो. लाकूड वर्षानुवर्षं त्याला थोडं थोडं बळी पडतं. नीट बनवलेली कार्बनची मान जागची हलत नाही.

रंधा
न हलणं प्रत्येक वेळी सोयीचं नसतं. काही कार्बन गिटारींना ट्रस रॉडच, म्हणजे मानेचा बाक कमीजास्त करायची आतली सळईच, नसते. जाड तारांवरून बारीक तारांवर आलात आणि मानेचा बाक बदलावासा वाटला, तर फिरवायला काहीच नाही. मग सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासा, नाहीतर फ्रेट.

तीव्र_निषाद
दोघंही ‘कार्बन’ म्हणताय, पण कुठला? विणलेलं कापड इपॉक्सीत भिजवून साच्यात थरावर थर देणं वेगळं. पॉलिकार्बोनेटमध्ये तंतूंचे तुकडे मिसळून साच्यात ओतणं वेगळं. दुसरं मूलतः प्लॅस्टिकच, सतत ताणाखाली ते हळूहळू वाकू शकतं. ‘कार्बन’ एवढं वाचून पैसे टाकू नका, अखंड तंतू आहेत का ते विचारा. आणि बंद गाडीत, उन्हात कुठलीच गिटार ठेवू नका. लाकडी गिटारच्या ब्रिजखालचा गोंद मऊ पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण इपॉक्सीलाही मऊ पडण्याचं तापमान असतं. ते किती, हे राळ कुठली आणि ती कशी पक्की केली यावर ठरतं.

रंधा
हेच म्हणतोय मी. हवाईत सुरू झालेल्या रेनसाँगने पूर्ण कार्बनच्या गिटारी विकायला काढल्या त्या १९९० च्या दशकात. ऐंशी वर्षं वाजलेली कार्बन गिटार अजून कोणी पाहिलेलीच नाही, मग जन्मभराची हमी कशाच्या जोरावर देता?

खर्ज
पदार्थाच्या गुणांच्या जोरावर. ना कीड, ना ओल, ना आकसणं. फ्रेट झिजतील, खुंट्या ढिल्या होतील, आतला प्रीॲम्प (आवाज वाढवणारं सर्किट) तर सगळ्यात आधी जाईल. पण हे सगळं लाकडी गिटारमध्येही बदलावंच लागतं. रोजच्या प्रवासात जी गिटार केसमधून काढल्यावर आहे तशी सुरात सापडते, ती मी वाजवणार. डागडुजीच्या भरवशावरची नाही.

रंधा
आणि मी ती, जी मोडल्यावर उघडता येते.